चेस्टर बोल्स : जाहिरातवाला, गव्हर्नर आणि दोनदा दिल्लीतला राजदूत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे चेस्टर बोल्स नेमके कोण?

अमेरिकेचे भारतातले राजदूत, आणि तेही दोन वेळा: १९५१ ते १९५३ आणि पुन्हा १९६३ ते १९६९. त्याआधी ते कनेटिकट राज्याचे गव्हर्नर होते. त्याही आधी न्यूयॉर्कमधल्या एका बड्या जाहिरात एजन्सीचे भागीदार. मधल्या काळात रेशनिंग खातं, संयुक्त राष्ट्रसंघ, खासदारकी, परराष्ट्र खात्यातलं दोन नंबरचं पद असं बरंच काही. जन्म १९०१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचा, मृत्यू १९८६ साली कनेटिकटमधल्या एसेक्स गावी. आडनावाचा उच्चार 'बोल्स', 'बाउल्स' नव्हे.

गव्हर्नर होते म्हणजे आपल्या राज्यपालांसारखे का?

नाही, आणि हा घोटाळा मराठीत कायम होतो. गव्हर्नर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मलबार हिलचं राजभवन येतं: राष्ट्रपतींनी नेमलेली, पक्षाच्या राजकारणापासून निदान कागदावर तरी लांब असलेली व्यक्ती. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी थेट मतं देऊन निवडलेला असतो. राज्याचा अर्थसंकल्प तो मांडतो, विधेयकावर सही करतो किंवा ते अडवतो, नेमणुका करतो, आणि काम नाही आवडलं तर पुढच्या निवडणुकीत घरी जातो. आपल्याकडचा जवळचा शब्द शोधायचा तर 'मुख्यमंत्री'. फरक एवढाच की त्याला विधिमंडळात बहुमत असावं लागत नाही. हा 'एवढाच' बोल्स यांना किती महागात पडला ते पुढे येईलच.

त्यांचा धंदा कसला होता?

शब्दांचा. १५ जुलै १९२९ रोजी त्यांनी विल्यम बेंटन या मित्राबरोबर 'बेंटन अँड बोल्स' ही जाहिरात एजन्सी काढली. दोघेही येल विद्यापीठातले, दोघांनीही आधी दुसऱ्याच्या एजन्सीत जाहिरातींचा मजकूर लिहून हात बसवलेला. मुहूर्त मात्र असा की तीन महिन्यांत शेअर बाजार कोसळला. दुकानं ओस पडली, कारखाने बंद झाले, आणि हे दोघे तिशीच्या आतबाहेरचे तरुण लोकांना कॉफी आणि साबण घ्यायला सांगत होते.

तरी एजन्सी वाढली. मंदीत जुन्या एजन्स्यांवर नाराज झालेल्या कंपन्या नवं काही ऐकायला तयार होत्या, आणि या दोघांनी रेडिओ वेळीच ओळखला. मॅक्सवेल हाऊस कॉफीसाठी १९३२ साली सुरू झालेला 'शो बोट' हा त्यांचा कार्यक्रम त्या दशकातल्या सगळ्यात गाजलेल्या कार्यक्रमांपैकी एक. गाणी, विनोद, गप्पा, आणि बोलता बोलता पात्रं कॉफीचा घोट घेणार. जाहिरात वेगळी सांगायची नाही, गोष्टीत विरघळवायची. आज मालिकेतली सासू चहाचं पाकीट हळूच कॅमेऱ्याकडे वळवते, त्या कलेचे हे पणजोबा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गिऱ्हाइकाला काय हवं आहे हे साहेबांच्या केबिनमध्ये बसून ठरवायचं नाही, त्याच्या दारात जाऊन विचारायचं, ही सवय बोल्स यांना या धंद्याने लावली. पुढे गव्हर्नर असताना, राजदूत असताना ते हेच करत राहिले.

बेंटन १९३६ साली बाहेर पडले, बोल्स १९४१ साली. चाळिशीतच जन्मभर पुरेल एवढा पैसा गाठीशी होता.

मग सरकारात कसे शिरले?

रेशनकार्डाच्या दारातून. अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा त्यांना नौदलात जायचं होतं, पण कानाच्या दुखण्यामुळे नाकारलं गेलं. मग कनेटिकटमध्ये टायर, पेट्रोल, साखर यांच्या रेशनिंगचं काम गळ्यात पडलं. ते इतकं नीट केलं की १९४३ साली रूझवेल्ट यांनी सबंध देशाच्या भावनियंत्रण खात्याचा कारभार त्यांच्याकडे दिला. (योगायोग असा की मुंबईतही रेशन सुरू झालं ते त्याच १९४३ साली.)

हे खातं म्हणजे शिव्या खाण्याचं खातं. व्यापाऱ्याला भाव कमी वाटतो, गिऱ्हाइकाला माल कमी वाटतो. बोल्स रेडिओवर येऊन साध्या भाषेत समजावून सांगत: मटण का मिळत नाही, पेट्रोल का मोजून. गावोगावच्या हजारो मंडळांमध्ये स्वयंसेवक बसवले, म्हणजे निर्णय शेजारचाच माणूस देई. युद्ध संपल्यावर नियंत्रणं एकदम उठवू नका म्हणून ते भांडले, हरले, आणि १९४६ साली राजीनामा देऊन मोकळे झाले.

गव्हर्नर म्हणून काय केलं, आणि दोनच वर्षांत का पडले?

१९४८ च्या निवडणुकीत ते जेमतेम दोन-अडीच हजार मतांनी निवडून आले. कुणाला वाटलं नव्हतं, बहुधा त्यांनाही नाही. तेव्हा कनेटिकटमध्ये गव्हर्नरची मुदत दोन वर्षांची होती.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांना राहायला घरं नव्हती. राज्याच्या पैशातून भाड्याच्या आणि विकत घेता येतील अशा घरांची मोठी योजना त्यांनी हाती घेतली. राज्याच्या नॅशनल गार्डमध्ये गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत, तो भेद बंद केला. शाळा आणि मनोरुग्णालयं यांच्यासाठी पैसा मागितला. पण कनेटिकटच्या कनिष्ठ सभागृहात तेव्हा लोकसंख्येप्रमाणे नव्हे तर गावांप्रमाणे प्रतिनिधी असत. त्यामुळे छोट्या खेड्यांचा वरचष्मा, आणि ती खेडी रिपब्लिकन. हे डेमोक्रॅट. कारभार सुधारण्याच्या बहुतेक योजना तिथेच अडकल्या.

शिवाय एक गोष्ट लोकांच्या डोळ्यांत आली. १९४९ च्या डिसेंबरात सिनेटमधली एक जागा रिकामी झाली, ती भरण्याचा अधिकार गव्हर्नरचा. बोल्स यांनी नेमलं कुणाला? जुने भागीदार बेंटन यांना! पक्षातलेच लोक खवळले. बेंटन यांनी पुढे, ज्याला त्याला कम्युनिस्ट ठरवणाऱ्या जोसेफ मॅकार्थी यांना सिनेटमधून काढून टाकण्याचा ठराव मांडण्याची हिंमत दाखवली, त्या अर्थी निवड वाईट नव्हती. पण वशिल्याचा वास यायचा तो आलाच.

१९५० साली बोल्स पडले. हरवणारे जॉन डेव्हिस लॉज हे आधीचे सिनेनट, आणि तेही पुढे राजदूतच झाले.

भारतच का मागून घेतला?

हरलेल्या गव्हर्नराला ट्रूमन कुठे तरी पाठवणार होतेच. बोल्स यांनी भारत मागितला. बोल्स यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे अध्यक्षांना हे ऐकून नवल वाटलं. त्यांच्या मनात भारत म्हणजे गरिबी, रस्त्यात फिरणाऱ्या गायी आणि निखाऱ्यांवर बसणारे साधू. १९४९ साली चीनमध्ये माओंचं राज्य आलं होतं. आशियातला उरलेला मोठा देश लोकशाहीच्या वाटेने गेला तर त्याचं पोट भरतं हे दिसायला हवं, नाहीतर सगळा आशिया दुसऱ्या वाटेने जाईल, हा बोल्स यांचा हिशेब. रिपब्लिकन सिनेटरांनी नेमणुकीला विरोध केला, पण ती झाली. ऑक्टोबर १९५१ मध्ये ते दिल्लीत उतरले. नेपाळचंही काम त्यांच्याकडेच होतं.

दिल्लीत ते लोकप्रिय झाले ते कशामुळे?

मुलांच्या सायकलींमुळे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. तोवरचे परदेशी साहेब मोठ्या बंगल्यात, झुलत्या झेंड्याच्या गाडीत. बोल्स कुटुंबाने राहायला साधा बंगला घेतला. मुलं दिल्लीतल्या भारतीय शाळेत घातली आणि ती सायकलवरून शाळेत जाऊ लागली. थोरली सिंथिया साडी नेसू लागली, पुढे शांतिनिकेतनात शिकायला गेली. पत्नी डोरोथी, घरातलं नाव स्टेब, हिंदी शिकल्या.

जाहिरातवाल्याचं नाटक? असेलही थोडं; पण नाटक म्हणून कुणी मुलांना दीड वर्ष उन्हातान्हात सायकल मारायला लावत नाही. धाकटा सॅम्युएल तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. आपण या वर्गातल्या मुलांपेक्षा हुशार नाही, मग यांचा देश इतका गरीब आणि आपला इतका श्रीमंत का, हा प्रश्न तिथेच पडल्याचं त्याने पुढे सांगितलं आहे. तो मोठा होऊन अर्थतज्ज्ञ झाला, विषमतेवरच्या कामासाठी जगभर ओळखला जाणारा.

दुसऱ्या खेपेला आले तेव्हा चाणक्यपुरीत राजदूताचं सरकारी निवासस्थान, जाळ्यांचं रूझवेल्ट हाऊस, नुकतंच बांधून तयार होतं. बोल्स यांनी ते समारंभांसाठी ठेवलं आणि स्वतः रेटेंडन रोडवरच्या, म्हणजे आजच्या अमृता शेरगिल मार्गावरच्या, बंगल्यात राहिले.

आपला बीडीओ अमेरिकेने दिला, हे खरं का?

अर्धं खरं. ५ जानेवारी १९५२ रोजी भारत-अमेरिका तांत्रिक सहकार्याचा करार झाला, त्यात अमेरिकेने पाच कोटी डॉलर दिले. या पैशाचं काय करायचं? बोल्स उत्तर प्रदेशातला इटावा प्रकल्प पाहून भारावले होते. तिथे आल्बर्ट मेयर या अमेरिकी वास्तुरचनाकाराच्या कल्पनेतून खेड्यात एकच कार्यकर्ता बियाणं, खत, विहीर, साक्षरता, सगळं बघत होता. तोच नमुना देशभर न्यावा असं त्यांनी नेहरूंना पटवलं. पटवायला फार कष्ट पडले नसावेत, कारण गांधीजींच्या ग्रामसेवेचं बीज इथलंच होतं. २ ऑक्टोबर १९५२ ला ५५ ठिकाणी समाज विकास योजना सुरू झाल्या.

गावांचे गट पाडले, गटाला एक अधिकारी, गावाला ग्रामसेवक. पंचायत समितीच्या कचेरीत ज्यांच्या टेबलावर आजही फायली साठतात ते गट विकास अधिकारी या योजनेतून आले. १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने याच योजनेची झडती घेतली: लोकांचा सहभाग नाही, सगळं सरकारी झालं आहे. त्यातून पंचायत राज आलं, आणि महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा. म्हणजे बोल्स यांच्या लाडक्या योजनेचं यश तिच्या अपयशाच्या अहवालात सापडतं.

१९५३ मध्ये परत का गेले?

सरकार बदललं. आयसेनहॉवर आले, त्यांना आपला माणूस हवा होता. जाता जाता बोल्स बजावत होते की पाकिस्तानला शस्त्रं देऊ नका, भारत दुरावेल. मे १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार केला. पुढचं आपल्याला ठाऊक आहे.

केनेडींनी मोठं पद दिलं आणि वर्षाच्या आत काढूनही घेतलं. काय झालं?

बोल्स १९५८ साली खासदार झाले होते आणि १९६० मध्ये केनेडींचे परराष्ट्र सल्लागार. जानेवारी १९६१ मध्ये परराष्ट्र खात्यात उपमंत्री, म्हणजे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांच्या खालोखाल. चांगले राजदूत निवडण्यात त्यांचा हात कुणी धरला नाही. जपानला एडविन रायशॉवर यांच्यासारखा जपानी येणारा विद्वान गेला तो याच काळात.

पण फाईल हलवणं त्यांना जमेना. बैठकीत जग कुठे चाललं आहे यावर ते बोलत, आणि बाकीच्यांना उद्या सकाळी काय करायचं ते हवं असे. एप्रिलमध्ये क्यूबावर चढाईचा बे ऑफ पिग्जचा डाव फसला. बोल्स यांनी त्याला आधीच लेखी विरोध केला होता, आणि ती गोष्ट वर्तमानपत्रांत फुटली. चूक सांगितलेल्या माणसाला लोक कधी तरी माफ करतात; बरोबर सांगितलेल्याला नाही. अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी तर भलतेच बिथरले. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बोल्स यांना हलवलं आणि आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेसाठी विशेष प्रतिनिधी असं गोड नावाचं पद दिलं. १९६३ च्या जुलैत ते गॅलब्रेथ यांच्या जागी पुन्हा दिल्लीत.

यशवंतराव चव्हाणांचा यात काय संबंध?

चीन युद्धानंतर यशवंतराव संरक्षणमंत्री झाले आणि सैन्य उभारायला शस्त्रं हवी होती. बोल्स यांनी भारताला पाच वर्षांत ५० कोटी डॉलरची लष्करी मदत द्यावी असा प्रस्ताव रेटला. केनेडींसमोर तो नोव्हेंबर १९६३ च्या अखेरीस यायचा होता. २२ तारखेला डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली.

पुढच्या मे महिन्यात यशवंतराव स्वतः वॉशिंग्टनला बोलणी करत असताना २७ तारखेला नेहरूंच्या निधनाची बातमी आली. बोलणी टाकून त्यांना परतावं लागलं. जूनमध्ये मदत ठरली खरी, पण हवाई दलाला हवी असलेली एफ-१०४ विमानं त्यात नव्हती. उन्हाळा सरताना यशवंतराव मॉस्कोत होते, आणि रशियन मिग विमानांचं पुढे काय झालं ते नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात जाऊन बघता येतं. दोन मृत्यू सहा महिन्यांच्या अंतराने झाले नसते तर? असल्या जर-तरला अर्थ नसतो, पण बोल्स स्वतः हा विषय शेवटपर्यंत विसरले नाहीत.

रेशनचा लाल गहू बोल्स यांनी आणला का?

पीएल-४८०, म्हणजे अमेरिकेचं शिलकी धान्य गरजू देशांना त्यांच्याच चलनात विकण्याचा कायदा, १९५४ चा आणि भारताशी पहिला करार १९५६ चा. तेव्हा बोल्स इथे नव्हते. पण १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं पाऊस फसला, तेव्हा राजदूत तेच होते. अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा जवळपास पाचवा हिस्सा भारताकडे येत होता. अध्यक्ष जॉन्सन यांनी दोरी आखूड धरली: एकेका महिन्यापुरतं धान्य मंजूर करायचं, शेतीधोरण बदला म्हणायचं, व्हिएतनामवर बोलू नका असंही सुचवायचं. जहाज निघालं की नाही यावर मुंबईच्या रेशन दुकानासमोरची रांग ठरायची.

बोल्स यांची यात सँडविच झाली. वॉशिंग्टनला तारांवर तारा करायच्या की असं भिकाऱ्यासारखं ताटकळत ठेवू नका, आणि दिल्लीला सांगायचं की धीर धरा. खतं आणि सुधारित बियाणं यांच्यावर भर द्यायला मात्र त्यांचाही पाठिंबा होता, अन्न आणि शेतीमंत्री सी. सुब्रमण्यम तेच करत होते. ('मिलो', म्हणजे रेशनवरची आयात लाल ज्वारी, हा शब्द ज्यांच्या आठवणीत १९७२ च्या दुष्काळाशी जोडलेला आहे त्यांच्यासाठी: तोवर बोल्स निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती.)

स्टालिनच्या मुलीचं प्रकरण त्यांच्याच वेळचं ना?

हो. ६ मार्च १९६७ ची संध्याकाळ. दिल्लीतल्या अमेरिकी वकिलातीच्या दारात टॅक्सीतून एक बाई उतरली, हातात बॅग. म्हणाली, मी स्टालिनची मुलगी. स्वेतलाना आपला साथीदार ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन डिसेंबरात भारतात आली होती, आणि दोन दिवसांनी तिला मॉस्कोचं विमान धरायचं होतं. ब्रजेश सिंह हे परराष्ट्र राज्यमंत्री दिनेश सिंह यांचे काका, त्यामुळे भारत सरकारलाही हा निखारा हातात नकोच होता.

बोल्स त्या दिवशी आजारी, घरी अंथरुणात. ही बाई खरंच तीच का, हेही कुणाला ठाऊक नाही. त्यांनी वॉशिंग्टनला कळवलं की हिला आज रात्रीच्या विमानाने बाहेर पाठवतो आहे, आणि उत्तराची वाट न बघता तिच्या पारपत्रावर साधा पर्यटक व्हिसा मारून दिला. राजकीय आश्रय वगैरे शब्दच नाहीत. तिच्याजवळ वैध पारपत्र आणि तिकीट, ती एक प्रवासी. मध्यरात्रीनंतर क्वांटासच्या रोमला जाणाऱ्या विमानात ती बसली तेव्हा रशियन वकिलातीला पत्ताही नव्हता.

दहा वर्षांत शंभर बैठकांमध्ये जो माणूस लांबण लावतो म्हणून हिणवला गेला, त्याने हा निर्णय काही तासांत घेतला. वर विचारायला कुणी जागं नसलं की ते फार चांगले अधिकारी होते, असं माझं मत आहे.

तारापूर अणुवीज केंद्राशी त्यांचं नाव का जोडतात?

करार ऑगस्ट १९६३ चा, केंद्र सुरू झालं १९६९ मध्ये. मधली सहा वर्षं राजदूत बोल्स होते, इतकंच. खरं काम होमी भाभा आणि जनरल इलेक्ट्रिकचं.

ते भारताचे वकील झाले होते, अशी टीका होते. पटते का?

बरीचशी पटते. वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या तारा लांबलचक असत आणि प्रत्येक तारेत भारताची बाजू. हळूहळू लोक त्या वाचेनासे झाले. जाहिरातीच्या धंद्यातला माणूस ही चूक कशी करतो याचं नवल वाटतं: माल चांगला असला तरी तीच जाहिरात रोज लावली की कान बधिर होतात. दुसरीकडे भारतातही शेवटी शेवटी त्यांचं वजन कमी झालं. १९६६ मध्ये पीएल-४८० च्या ३० कोटी डॉलर किमतीच्या रुपयांतून भारत-अमेरिका शिक्षण प्रतिष्ठान काढायची घोषणा झाली, तर आमची विद्यापीठं विकत घेता का म्हणून इतका गदारोळ झाला की ते गुंडाळावं लागलं. व्हिएतनामने उरलीसुरली पुण्याई संपवली.

पण पाकिस्तानला शस्त्रं, आखूड दोरीचं धान्य, क्यूबा या तिन्हींवर ते जे म्हणत होते ते चुकलेलं नव्हतं.

आपल्याकडे असं कुणी आहे का: उद्योग, राज्यपालपद, राजदूतपद?

तिन्ही एकत्र नाही सापडत, दोन दोन सापडतात. बोल्स दिल्लीत होते तेव्हाच, १९५२ मध्ये, भारताने वॉशिंग्टनला पाठवले ते गगनविहारी मेहता. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या जहाज कंपनीत मुरलेले, व्यापारी महासंघाचे माजी अध्यक्ष. १९५५ साली ह्यूस्टनच्या विमानतळावर त्यांना रंगामुळे मुख्य भोजनगृहातून उठवलं, आणि अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांना माफी मागावी लागली. बोल्स अमेरिकेत फिरून हेच सांगत होते की तुमचा वर्णभेद आशियात तुमचं नाव बुडवतो.

महाराष्ट्राचे दोन राज्यपाल आधी वॉशिंग्टनला राजदूत होते: विजयालक्ष्मी पंडित तिथे १९४९ ते ५१ राजदूत, मुंबईच्या राजभवनात १९६२ ते ६४, आणि अली यावर जंग, ज्यांचं नाव वांद्रे रेक्लमेशनवरच्या श्रवणदोष असलेल्यांच्या राष्ट्रीय संस्थेला आहे.

शेवटची वर्षं कशी गेली?

दुसऱ्या कारकिर्दीतच पार्किन्सन्स जडला होता. हात थरथरायचा, चेहरा ताठरायचा. समोरच्याला वाटायचं साहेबांना आपलं पटलेलं नाही. तरी जानेवारी १९६८ मध्ये कंबोडियाचे राष्ट्रप्रमुख सिहानूक यांच्याशी बोलायला त्या देशात जाऊन आले. एप्रिल १९६९ मध्ये दिल्ली सोडली, एसेक्सच्या नदीकाठच्या घरी आठवणी लिहिल्या. २५ मे १९८६ ला गेले.

त्यांच्यानंतर गव्हर्नर होऊन कुणी दिल्लीला राजदूत म्हणून आलं का?

आलं, आणि त्यांच्याच हाताखालचं. १९६३ मध्ये बोल्स यांनी मदतनीस म्हणून रिचर्ड सेलेस्ट नावाचा पंचविशीतला तरुण बरोबर आणला होता. चार वर्षं त्याने बोल्स यांच्या त्या लांबलचक तारा पुढे पाठवल्या. नंतर तो ओहायोचा दोन वेळा गव्हर्नर झाला आणि १९९७ च्या अखेरीस राजदूत म्हणून दिल्लीत परतला. सहा महिन्यांत पोखरणला स्फोट झाले, आणि भारताची बाजू वॉशिंग्टनला समजावून सांगण्याचं काम त्याच्या टेबलावर येऊन पडलं.